आठ दिवसांचं दूध

मित्रांनो, मी एक जुना दुधाचा तुंबा आहे. इटेन गावाच्या पुढे जिथे डोंगर एकदम संपतो आणि खाली खोल दरी सुरू होते, तिथल्या एका स्वयंपाकघरात मी खुंटीला लटकत असतो. माझ्या गळ्यात चामड्याची पट्टी आहे. पोटावर एक चीर आहे, ती तारेने शिवलेली आहे. मी फार दमलो आहे. नुसतं दूध धरून बसणाऱ्याला दमायला काय झालं, असं तुम्ही म्हणाल. पण ज्या घरात सगळेच दमलेले असतात, त्या घरातली भांडीसुद्धा दमतात.

माझा जन्म कोगो सेलिनाच्या गोठ्यामागच्या वेलावर झाला. कोगो म्हणजे आजी. नातवंडं होण्याच्या कितीतरी आधीपासून सगळं गाव तिला कोगो म्हणत आलं आहे, कारण ती कुणाचंच ऐकून घेत नाही. वेलावर असताना मी हिरवा, गुबगुबीत आणि थोडा शिष्ट होतो. कोगोने मला तोडलं, महिनाभर उन्हात वाळवलं, वरचा भाग कापून त्याचं झाकण केलं आणि आतला गर काठीने खरवडून काढला. मग एका झुडपाची फांदी पेटवून तिचा निखारा माझ्या पोटात फिरवला आणि तो कोळसा घासून घासून आतल्या अंगाला बसवला. तेव्हापासून मी आतून काळा आहे. माझी किंमत त्या काळेपणालाच आहे.

दूध उकळायचं, निववायचं, माझ्यात ओतायचं, झाकण घट्ट लावायचं आणि आठ दिवस अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून द्यायचं. आठव्या दिवशी ते दाट, आंबट आणि राखाडी होऊन बाहेर येतं. त्याला मुर्सिक म्हणतात. आमच्या माणसांचा त्याच्यावर जीव आहे. परका माणूस पहिल्या घोटाला तोंड वेडंवाकडं करतो आणि दुसऱ्या घोटाला मुकाट बसतो.

आमचा मुलूख धावणाऱ्यांचा आहे. इथे पहाटे रस्त्यावर गाईंपेक्षा धावणारी पोरं-पोरी जास्त असतात. त्यांच्यापैकी कोणी मोठी शर्यत मारून परत आलं, की वेशीवर त्याच्या गळ्यात वेलीची माळ घालतात आणि माझ्यासारखा तुंबा त्याच्या तोंडाला लावतात. आता गोम अशी आहे, की दूध मुरायला आठ दिवस लागतात. म्हणजे शर्यतीच्या आधीच, जिंकणार की हरणार हे कळायच्या आतच, घरातल्या बाईने ते घालून ठेवावं लागतं. आणि एकदा घातलेलं दूध शर्यत संपेपर्यंत ओतायचं नसतं. ते ओतलं तर धावणाऱ्याच्या पायातलं बळ ओतलं, असं कोगो मानते. ती एरवी रविवारी चर्चला जाते, पण दुधाच्या बाबतीत तिचा देव वेगळा आहे.

माझ्या सुखाचे दिवस कोगोचा मुलगा एलकाना धावत होता तेव्हाचे. दोनदा मी त्याच्यासाठी भरला गेलो आणि दोन्ही वेळा तो जिंकून आला. एकदा तर मला एल्डोरेटच्या विमानतळावर नेलं होतं. लोकांनी माझे फोटो काढले. मग एलकानाचा गुडघा गेला. दोन वर्षं मला कुणी खुंटीवरून काढलं नाही. माझ्या तोंडात कोळ्याने घर केलं आणि एका पावसाळ्यात कोगोने माझ्यात घेवड्याचं बियाणं ठेवलं. मला त्याची लाज वाटली. पण मी कोणाला सांगणार?

त्यानंतर जेसांग सून होऊन आली. ती नवऱ्यापेक्षा जास्त जोरात धावते हे लग्नाआधीच सगळ्यांना ठाऊक होतं. एलकानाही ते हसत सांगायचा. ती मैदानावर दहा हजार मीटर पळायची, म्हणजे पंचवीस फेऱ्या. शर्यत ठरली तेव्हा कोगोने मला घासलं, धुरावलं आणि सुनेसाठी दूध घातलं. शेजारची रोडा दारात उभी राहून बघत होती.

"सेलिना, सुनेसाठी दूध घालणारी सासू मी पहिल्यांदाच बघते," ती म्हणाली. "उद्या तिचे बूट पण धुशील."

"धुईन की," कोगो म्हणाली. "तुझ्या सुनेचे पण धुतले असते. पण ती उठल्याशिवाय तिच्या पायात काय आहे ते कळायचं कसं?"

जेसांग त्या वर्षी देशाच्या संघातून धावली. मी पुन्हा मानाचा झालो. आणि त्याच्या पुढच्या वर्षी ती गरोदर राहिली.

मुलगी झाली. आमच्याकडे बाळाचं नाव बाळच ठरवतं. म्हाताऱ्या बायका त्याच्यासमोर घराण्यातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घेतात, आणि ज्या नावाला बाळ शिंकतं ते माणूस परत आलं असं धरतात. कोगो नावं घेत होती आणि घेता घेता, हात रिकामा नको म्हणून, मला झटकत होती. "ताबसबेई" हे तिच्या सासूचं नाव आलं आणि बाळ शिंकलं. सगळ्या बायकांनी आनंदाचा लांब सूर काढला. खरं सांगायचं तर ती शिंक माझ्या कोळशाची होती. पण नाव चांगलं होतं, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही. पोरीला सगळे सबेई म्हणू लागले आणि तिच्या आईला सबेईची आई. जेसांग हे नाव गावातून उठूनच गेलं. ते फक्त सराव करून घेणाऱ्या कोच सुगुतच्या वहीत उरलं.

सबेई पाच महिन्यांची झाली आणि जेसांगने धावायचे बूट पुन्हा बाहेर काढले. पुढच्या जूनमध्ये नैरोबीला निवडीची शर्यत होती. पहिल्या तिघी संघात जाणार होत्या. मधली दोन वर्षं गेली होती आणि वय एकतीस होतं. ही निवड हुकली तर पुढच्या निवडीपर्यंत तिला कोणी विचारणार नाही, हे तिला माहीत होतं, एलकानाला माहीत होतं आणि सरावाला येणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरींना तर फारच चांगलं माहीत होतं.

त्या महिन्यांत मी जे पाहिलं ते सांगतो. ती पहाटे बाळाला पाजून बाहेर पडे. वीस किलोमीटर पळून परत येई. पोर रडत असे, म्हणून घामाच्या कपड्यांतच चुलीपाशी बसून तिला घेई. दहा वाजता पुन्हा मैदानावर जाई. दुपारी लाकडं, पाणी, धुणं. एलकाना गाई बघायचा, स्वयंपाकही करायचा. आमच्या गावात हे सांगितलं तर लोक त्याला हसतील, म्हणून मी एरवी सांगत नाही. पण बाळ पाजायला तो कुठून पुरा पडणार? एकदा जेसांग एका पायात बूट घालून, दुसरा हातात धरून, पोर छातीशी असतानाच बसल्या बसल्या झोपली. कोगोने तिच्या हातातला बूट काढून घेतला आणि तिला अर्धा तास उठवलं नाही. त्या अर्ध्या तासापायी तिचा सराव चुकला. दोघींचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला कोच सुगुतने सांगितलं, की शेवटचे सहा आठवडे शिबिरात राहावं लागेल. शिबिर चार डोंगर पलीकडे होतं. ती घरी आली आणि चुलीपुढे बसून कोगोला सगळं सांगू लागली.

"मी म्हटलं, सर, पोरीला घेऊन येते. एका कोपऱ्यात राहीन."

"मग?"

"म्हणाले, जेसांग, माझ्याकडे बारा मुली आहेत. एक बाळ आणलंस तर बाराच्या बारा आया होतील. मग धावायला काय मी जाऊ?"

कोगोला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार आई? खरंच आहे ते. तिकडच्या पोरी बाळ दिसलं की सोडायच्या नाहीत." तिने चुलीत एक लाकूड पुढे सरकवलं. "माझं काही कळत नाही मला. इथे असले की पाय तिकडे असतात, तिकडे गेले की छाती भरून येते. इथे मला जेसांग म्हणणारं कोणी नाही आणि तिथे सबेईची आई म्हणणारं कोणी नाही."

"पोरगी अजून अंगावर पिते," कोगो म्हणाली. "माझ्या काळात दोन वर्षं पाजायचो."

"तुमच्या काळात निवड नव्हती."

"नव्हती. पण कमरेवर घडा आणि पाठीवर पोर घेऊन दरीतून वर यायचो. तेव्हा कोणी माळ घातली नाही."

हे बोलणं कडू होतं, पण कोगो लबाड नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनेच तोडगा काढला. जेसांगने शिबिरात दूध पिळून थर्मासमध्ये भरायचं, एलकानाने रोज सकाळी मोटरसायकलवरून ते आणायचं, आणि कोगोने पोरीला चमच्याने पाजायचं. जेसांगने रविवारी घरी यायचं.

पाच आठवडे हे चाललं. सबेई मोठी हट्टी निघाली. आईचं दूध चमच्याने घेई, त्याच चमच्याने गाईचं दिलं की फुर्र करून कोगोच्या तोंडावर उडवी. बाटली तर फेकूनच देई. पेज खाई, पण झोपताना तिला आईचंच दूध लागे. थर्मास आला नाही तर रात्र कशी जाणार, या काळजीने एलकाना भर पावसात चिखलातून गाडी काढी. रविवारी जेसांग डोंगर ओलांडत, पळतच घरी यायची. आली की पोरीला सोडायची नाही, आणि संध्याकाळी जाताना पोरगी रडते म्हणून मागे न बघता पळत सुटायची. कोच म्हणायचे, रविवारची तिची धाव सगळ्यात चांगली असते. त्याचं कारण त्यांनी कधी विचारलं नाही. शेवटच्या रविवारी मात्र त्यांनी सुट्टीच दिली नाही.

आता मी माझ्या दुःखाच्या गोष्टीकडे येतो.

शर्यत शनिवारी होती आणि जेसांग रविवारी परतणार होती. म्हणजे त्याच्या आधीच्या शनिवारी मला भरायला हवं होतं. कोगोने पहाटे मला घासलं, नवा कोळसा लावला. गाईचं दूध उकळून निवायला ठेवलं आणि ती वासराला शोधायला गेली. तेवढ्यात एलकाना आला. थर्मास धुवायला हवा म्हणून त्याने त्यातलं दूध फळीवरच्या निळ्या मगमध्ये ओतलं, वर बशी झाकली आणि तो गाईंना गोचिडांच्या औषधाच्या हौदावर, बुडवून काढायला, घेऊन गेला. रोज तो आईला सांगून जायचा. त्या दिवशी ती गोठ्यात नव्हती, म्हणून राहून गेलं.

कोगो परत आली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आलेला आहे, पण ती कबूल करत नाही. फळीवर पातेलं आणि निळा मग अशी दोन्ही भांडी होती. मगमध्येही दूध बघून तिला वाटलं, आपणच सकाळी काढून ठेवलं असेल. तिने पातेलं माझ्यात ओतलं. मागोमाग मगही ओतला.

मित्रांनो, मला पहिल्या थेंबाला कळलं. ते दूध पातळ होतं, गोड होतं, त्याला गवताचा वास नव्हता. मी आयुष्यभर गाईचं दूध धरलं होतं. माणसाचं कधी धरलं नव्हतं. आमच्या लोकांत ही दोन दुधं एका भांड्यात येत नाहीत. आली तर गाय आटते, असं मानतात. असा तुंबा फोडून टाकतात. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. कोगोने झाकण लावलं, वर दोन थापट्या मारल्या आणि म्हणाली, "धाव ग पोरी." सुनेला ती तोंडावर असं कधी बोलली नव्हती.

अकरा वाजता सबेई उठली आणि रडायला लागली. एलकाना हौदावरून आला.

"आई, मगमधलं दूध कुठंय?"

"तुंब्यात घातलं."

"कुठलं?"

"मगमधलं. कुठलं म्हणजे काय? दूध दूध असतं."

एलकाना तिथेच खाली बसला. "आई, ते जेसांगचं होतं."

कोगोने वळून माझ्याकडे बघितलं. मग एलकानाला हसू फुटलं. दमलेल्या माणसाला कधी कधी नको तिथे हसू येतं, तसं. "तिच्याच स्वागताला तिचंच दूध," तो म्हणाला.

"हसू नकोस," कोगो म्हणाली. "हे ओतता येत नाही. ओतलं तर ती पडेल. ठेवलं तर गाय आटेल. आणि पोरगी तिकडे बोंबलते आहे. हसतोस काय?"

पोरगी खरंच बोंबलत होती. दुसरा थर्मास उद्याशिवाय मिळणार नव्हता. कोगोने मला उचललं, झाकण काढलं आणि थोडं दूध वाटीत घेतलं. चमचा पोरीच्या तोंडाला लागला. आम्ही तिघेही वाट बघत होतो, आता फुर्र होणार. सबेईने चव घेतली, कोगोकडे बघितलं, आणि तोंड उघडलं. त्या दुधात तिच्या आईची गोडी होती ना.

तिने अख्खी वाटी संपवली आणि झोपली. असं दुपारचं झोपणं त्या घरात पाच आठवड्यांत झालं नव्हतं. कोगो चुलीपाशी बसून राहिली. मग म्हणाली, "उद्या यातली एक वाटी काढू आणि गाईची एक वाटी घालू. परवा परत एक. पोरीला कळणार नाही. तिच्या पोटात गेलं तर ओतलं असं होत नाही, आणि गाईच्या दुधाची सवय लागली की थर्मासही नको."

"आणि जेसांगला?"

"तिला शर्यतीआधी सांगायचं नाही."

मला तेव्हाच बरं वाटलं नव्हतं. पण तुंब्याचं मत कोण विचारतो?

तसंच झालं. रोज माझ्यातून एक वाटी जायची, एक वाटी यायची. आईचं दूध रोज पातळ होत गेलं आणि माझ्या कोळशात रोज थोडं आंबत गेलं. सबेईला आंबट कधी आवडायला लागलं ते तिचं तिलाही कळलं नाही. मंगळवारी ती माझ्याकडे बघून हात करायला लागली. गुरुवारी मला खुंटीवरून काढलं की ती हसायची. मला फार आनंद झाला, हे मी लपवत नाही. मला आजवर पुष्कळांनी जीव लावला, पण मला बघून हसणारी ही पहिलीच. त्या आठवड्यात आमची सिरोई नावाची गाय लाथा मारत होती आणि कोगो तिच्यापुढे उभी राहून हळू आवाजात माफी मागायची.

एलकाना सोमवारी दुसऱ्याच्या गाडीवर बसून शिबिरात गेला आणि जेसांगला म्हणाला, की गाडीची साखळी तुटली आहे, पोरगी पेज छान खाते आहे, आता दूध पाठवू नकोस. जेसांगने नंतर सांगितलं, की ती रोज संध्याकाळी शिबिराच्या कुंपणामागे जाऊन दूध गवतावर पिळायची. साखळी दुरुस्त होईपर्यंत दूध आटू नये, एवढ्याचसाठी.

शनिवारी दुपारी रोडा तिचा रेडिओ घेऊन आली, कारण आमच्या रेडिओत बॅटऱ्या नव्हत्या. एलकाना सबेईला मांडीवर घेऊन बसला. रेडिओवरचा माणूस पुढच्या दोघींबद्दलच बोलत होता. अठराव्या फेरीपर्यंत जेसांगचं नावच नाही. "पडली की काय?" रोडा म्हणाली. कोगोने तिच्याकडे असं बघितलं, की ती पुढे बराच वेळ गप्प बसली. मग विसाव्या फेरीला नाव आलं, सहावी. बाविसाव्याला पाचवी. शेवटची घंटा वाजली तेव्हा चौथी. शेवटच्या शंभर मीटरमध्ये तो माणूस इतका भरभर बोलायला लागला, की कोणालाच काही कळेना. तो थांबला तेव्हा कळलं की जेसांग तिसरी आली आहे. चौथी मुलगी एका पावलाने मागे राहिली होती.

एलकाना पोरीच्या केसांत तोंड घालून रडला. कोगो म्हणाली, "रेडिओ बंद कर रोडा, बॅटरी जाते." आणि उठून गोठ्यात गेली. ती तिकडे सिरोईचे आभार मानायला गेली, ते मला समजलं.

रविवारी वेशीवर दोनशे माणसं होती. मी कोगोच्या हातात होतो, पट्टी नवी होती, अंग तेलाने चमकत होतं. मटाटू, म्हणजे आमच्याकडची भाड्याची छोटी बस, आली. जेसांग उतरली. तिच्या अंगावर संघाचं नवं जाकीट होतं आणि डोळे खोल गेले होते. उतरता उतरताच तिने गर्दीत पोरीला शोधलं. सबेई रोडाच्या कडेवर होती, पार मागे. जेसांगने हात पुढे केले. पण मध्ये गावचे प्रमुख आले, त्यांनी माळ घातली. मग शाळेचे मुख्याध्यापक, त्यांनी दुसरी घातली. मग कोगोने मला तिच्या तोंडाला लावलं. ती दोन घोट प्यायली. तिला चव कळली की नाही, मला आजही सांगता येत नाही. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच.

मग भाषणं झाली. प्रमुख म्हणाले, ही आमच्या मातीची लेक आहे. मुख्याध्यापक म्हणाले, हिने दाखवून दिलं की आईसुद्धा धावू शकते. पाऊण तास चाललं ते. तेवढ्या वेळात सबेई सहा जणींच्या कडेवरून फिरली, पण आईच्या कडेवर आली नाही. जेसांग माळांखाली हात छातीवर घट्ट आवळून उभी होती. लोकांना वाटलं थंडी वाजते आहे. मी जवळ होतो, मला दिसत होतं. जाकीट समोरून ओलं झालं होतं.

शेवटी ती कोणाला न विचारता गर्दीत शिरली आणि तिने रोडाकडून पोरीला ओढूनच घेतलं. मटाटूच्या मागच्या बाजूला, जिथे कोणी नव्हतं, ती जमिनीवर बसली आणि जाकिटाची चेन खाली केली. कोगो आणि एलकाना मागोमाग गेले. मी कोगोच्या हातातच होतो.

सबेईने आईकडे बघितलं. तिच्या गालाला हात लावला, हसली. म्हणजे ओळखलं होतं. पण दूध पुढे केल्यावर तिने तोंड फिरवलं. जेसांगने पुन्हा जवळ घेतलं. तिने पुन्हा फिरवलं, आणि मला बघून दोन्ही हात लांब केले.

मित्रांनो, त्या क्षणी मला फुटून जावंसं वाटलं.

जेसांगने मान वर केली. "कधीपासून?"

कोगो म्हणाली, "आठ दिवस झाले."

"गाडीची साखळी तुटली होती ना?"

एलकाना मटाटूच्या चाकावरचा चिखल नखाने काढू लागला.

"मी गवतावर ओतत होते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "रोज. मला कोणी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू धावली नसतीस," एलकाना म्हणाला.

"हो," जेसांग म्हणाली. "नसते धावले."

ती रडली नाही. तिच्या अंगात रडण्याइतकं बळ उरलं नव्हतं. थोड्या वेळाने तिने कोगोकडे हात केला. कोगोने मला तिच्या हातात दिलं. जेसांगने झाकणात थोडं दूध घेतलं आणि स्वतःच्या हाताने पोरीला पाजलं. पोरगी घटाघटा प्यायली आणि आईचं स्वतःचं दूध जाकिटावरून खाली मातीत पडत राहिलं. पलीकडे लोक गाणी म्हणत होते. कोगो तिच्या शेजारी मातीत बसली. ती "चुकलं" म्हणाली, पण इतक्या हळू, की ते बहुतेक मीच ऐकलं.

तीन दिवसांनी जेसांग संघाच्या शिबिरासाठी निघाली. निघायच्या आधी दोन रात्री तिने पोरीला पुन्हा अंगावर लावून बघितलं. पोरगी नाही म्हणाली. मोठ्या शर्यतीत ती नववी आली. नवव्या नंबरला माळ नसते. त्यानंतरही ती चार वर्षं धावली, जिंकलीही. पण रविवारी शिबिरातून ती जशी पळत घरी यायची, तशी धाव तिच्या पायात पुन्हा आलेली मी पाहिली नाही. सबेई आता शाळेत जाते. ती मला घासते, गाणं म्हणत घासते. तिला यातलं काही माहीत नाही. मला फोडायचं ठरलं होतं, पण कोगोचा हात उठला नाही. ती चीर नंतर पडून झाली, ते वेगळं.

मित्रांनो, तुमच्या घरातली, गावातली कोणी बाई बाळ ठेवून बाहेर पडली, मग धावायला असो, कामाला असो, तर तिचं बाळ धरा, पोटभर भरवा, जपा. ती परत आली की माळा, भाषणं, फोटो सगळं मागे ठेवा आणि आधी तिच्या हातात बाळ द्या. आणि ती दूर असताना घरात काही बदललं, तर ते तिच्या भल्यासाठी म्हणून लपवू नका. ऐकून ती पळत घरी आली तर येऊ द्या. शर्यत हुकली तर हुकली, पण ठरवू दे तिला. मला सगळं माहीत होतं आणि मी आठ दिवस गप्प राहिलो, कारण मी तुंबा आहे. मला तोंड आहे ते फक्त दूध ओतायला. तुमच्या तोंडात जीभ आहे. तुम्ही सांगा तिला.